खून राज्याचा, तिजोरी केंद्राची

२२ नोव्हेंबर १९६३. डॅलसच्या पार्कलंड हॉस्पिटलमध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांना मृत घोषित करून थोडाच वेळ झाला होता. सीक्रेट सर्व्हिसच्या माणसांना शवपेटी घेऊन ताबडतोब विमानतळ गाठायचा होता. त्यांच्या वाटेत एक डॉक्टर आडवे आले. अर्ल रोझ, डॅलस काउंटीचे शवचिकित्सक. त्यांचं म्हणणं साधं होतं. खून टेक्सासमध्ये झालाय, तेव्हा टेक्सासच्या कायद्याप्रमाणे शवविच्छेदन इथंच व्हायला हवं. तोवर मृतदेह हलवता येणार नाही.

हमरीतुमरी झाली. शेवटी एजंटांनी डॉक्टरांना बाजूला सारून शवपेटी नेलीच. पण कायद्याच्या बाजूने पाहिलं तर डॉ. रोझ बरोबर होते. १९६३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाचा खून करणं हा फेडरल, म्हणजे केंद्राच्या कायद्याखालचा गुन्हाच नव्हता! ली हार्वे ऑस्वाल्डला पकडलं डॅलसच्या शहर पोलिसांनी. त्याच्यावर आरोप ठेवला गेला टेक्सासच्या कायद्याखाली. दोन दिवसांनी जॅक रुबीने त्याला गोळी घातली तीही डॅलस पोलिसांच्याच इमारतीच्या तळघरात. जगातल्या सगळ्यात ताकदवान सरकारचा प्रमुख मारला गेला होता आणि खटला चालवायचा अधिकार होता एका काउंटीच्या सरकारी वकिलाकडे. कायदा बदलला तो १९६५ मध्ये.

राष्ट्राध्यक्षाच्या खुनाची ही गत, तर शिकागो किंवा डेट्रॉइटच्या एखाद्या कोपऱ्यावर गोळी लागून मेलेल्या पोराची काय कथा? त्याच्या खुनाशी वॉशिंग्टनचा संबंध काय? हा प्रश्न अमेरिकेत दीडशे वर्षं विचारला जातोय. आजही बातम्यांत 'शहरातल्या गुन्हेगारीवर केंद्राची कारवाई' असं काही दिसलं, की त्यामागे हाच जुना प्रश्न असतो.

पोलीस कोणाचे?

आधी एक गोष्ट समजून घेऊ, नाहीतर पुढचं सगळं विचित्र वाटेल.

आपल्याकडे पोलीस हा राज्यसूचीतला विषय आहे. मुंबई पोलीस मुंबई महापालिकेचे नाहीत, महाराष्ट्र सरकारचे आहेत. सीबीआयला राज्यात येऊन तपास करायचा तर साधारणपणे राज्याची संमती लागते. महाराष्ट्राने २०२० मध्ये ही सरसकट संमती काढून घेतली होती आणि २०२२ मध्ये परत दिली, हे तुम्हाला आठवत असेल. मात्र खून म्हणजे काय आणि त्याला शिक्षा किती, हे सांगणारा कायदा आपल्याकडे देशभर एकच असतो.

अमेरिकेत तेही नाही. तिथं प्रत्येक राज्याचा फौजदारी कायदा वेगळा. आणि पोलीस बहुतेक ठिकाणी राज्याचेही नसतात. ते शहराचे असतात, महापौराच्या हाताखालचे. देशभरात पोलीस यंत्रणांची संख्या आहे सुमारे १८ हजार. मूळ राज्यघटनेत केंद्राच्या वाट्याला जे गुन्हे नावानिशी आले, ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. खोटी नाणी पाडणं, समुद्री चाचेगिरी, देशद्रोह असे. १७९१ च्या दहाव्या घटनादुरुस्तीने उरलंसुरलं सगळं राज्यांकडे आणि लोकांकडे ठेवलं. खून, दरोडा, मारहाण हे त्या उरल्यासुरल्यात आलं.

ही व्यवस्था करणाऱ्यांना भीती होती ती राजाची. लांबच्या राजधानीतून हुकूम सुटावा आणि आपल्या गावात लाल डगलेवाले शिपाई यावेत, हे त्यांनी नुकतंच अनुभवलं होतं. भीती रास्तच होती. पण राजधानी लांब ठेवली की जवळच्या जुलमी माणसाचं काय करायचं, याचं उत्तर त्या व्यवस्थेत नव्हतं.

हात बांधलेले की मागे घेतलेले?

हे उत्तर नसल्याची किंमत कोणी मोजली, ते यादवी युद्धानंतर दिसलं. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली आणि दक्षिणेतल्या काळ्या माणसांना मतदानाचा हक्क मिळाला. तो त्यांनी वापरू नये म्हणून कू क्लक्स क्लॅनने खून, जाळपोळ आणि फटके यांचा सपाटा लावला. स्थानिक शेरीफ एकतर डोळेझाक करत होते किंवा स्वतःच त्यात सामील होते.

तेव्हा वॉशिंग्टनने खरंच हात उचलला. १८७० मध्ये केंद्राचं न्याय खातं स्थापन झालं. १८७१ मध्ये क्लॅनविरोधी कायदा आला. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी दक्षिण कॅरोलिनाच्या नऊ काउंट्यांमध्ये अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागण्याचा हक्क स्थगित करून सैन्य पाठवलं. शेकडो लोक पकडले गेले आणि क्लॅनचं कंबरडं मोडलं. राज्यांतर्गत हिंसाचाराविरुद्ध फेडरल सरकारची ही पहिली मोठी मोहीम. आणि ती यशस्वी झाली होती.

टिकली मात्र नाही. १८७३ मध्ये लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी गोऱ्यांच्या जमावाने डझनावारी काळ्या माणसांना ठार मारलं. फेडरल वकिलांनी काही जणांना शिक्षा मिळवून दिली. १८७६ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या शिक्षा रद्द केल्या. कोर्टाचा मथितार्थ असा होता, की घटनादुरुस्ती राज्य सरकारांना रोखते, खासगी माणसांना नाही. माणसाने माणसाला मारलं तर ते राज्याने बघावं. पुढच्या दोन वर्षांत दक्षिणेतलं सैन्य मागे घेतलं गेलं आणि १८७८ मध्ये लष्कराला पोलिसांचं काम करायला मनाई करणारा 'पॉसी कॉमिटेटस' कायदा झाला. आज तो नागरी स्वातंत्र्याची ढाल म्हणून ओळखला जातो, आणि ती तो आहेच. पण जन्माच्या वेळी त्याचा एक अर्थ असाही होता, की काळ्या मतदारांना वाचवायला आता कोणी येणार नाही.

त्यानंतरच्या पाऊणशे वर्षांत चार हजारांहून जास्त काळ्या माणसांना जमावांनी मारलं. लिंचिंग हा फेडरल गुन्हा ठरवावा म्हणून संसदेत पुन्हा पुन्हा विधेयकं आली. १९२२ मध्ये एक विधेयक कनिष्ठ सभागृहात मंजूर होऊन सिनेटमध्ये अडवलं गेलं. युक्तिवाद नेहमीचाच, की कायदा आणि सुव्यवस्था हा राज्यांचा विषय आहे. लिंचिंगविरोधी फेडरल कायदा अखेर झाला तो मार्च २०२२ मध्ये. शंभर वर्षांनी!

दक्षिणेतून जीव आणि रोजगार घेऊन सुमारे ६० लाख काळी माणसं १९१० ते १९७० या काळात शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क, लॉस एंजेलिसकडे गेली. 'मोठ्या शहरातली गुन्हेगारी' असं अमेरिकेत म्हटलं जातं, तेव्हा ज्या वस्त्या डोळ्यांसमोर असतात त्यातल्या कितीतरी या स्थलांतरितांच्या. ही माणसं वॉशिंग्टनला आधीपासून ओळखत होती. संकटाच्या वेळी न आलेलं सरकार म्हणून.

अल कपोनचा इन्कम टॅक्स

विसाव्या शतकात केंद्राने गुन्हेगारीत हळूच पाय टाकला, पण मागच्या दाराने. १९०८ मध्ये न्याय खात्यात ३४ एजंटांची एक छोटी तुकडी उभी राहिली. तीच पुढे एफबीआय झाली. १९२० मध्ये दारूबंदी देशभर लागू झाली आणि शिकागोत टोळ्यांचं राज्य आलं. १४ फेब्रुवारी १९२९ ला एका गॅरेजमध्ये सात जणांना भिंतीशी उभं करून मारलं. या हत्याकांडासाठी कोणालाही शिक्षा झाली नाही. संशय ज्याच्याकडे होता तो अल कपोन १९३१ मध्ये तुरुंगात गेला, ११ वर्षांसाठी. कशाबद्दल? आयकर चुकवल्याबद्दल.

हा किस्सा आपण गंमत म्हणून सांगतो. पण त्यात फेडरल सरकारची सगळी अडचण आहे. खुनासाठी पकडायचा अधिकार नव्हता, कर वसुलीचा होता. म्हणून खुन्याला करात पकडायचं. १९३४ मध्ये मशीनगनवर पहिला राष्ट्रीय कायदा आला तोही कराच्या रूपात. थेट बंदी घटनेत बसेल की नाही याची खात्री नव्हती, म्हणून विक्रीवर २०० डॉलर कर लावला. तेव्हा तो जवळपास बंदुकीच्याच किमतीएवढा होता.

ही सवय पुढेही राहिली. १९९० मध्ये शाळेच्या आवारात बंदूक बाळगणं हा फेडरल गुन्हा ठरवला गेला. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी तो कायदा रद्द केला. शाळेत बंदूक आणली तर आंतरराज्य व्यापारावर परिणाम होतो, असा सरकारचा युक्तिवाद होता. कारण व्यापाराचा अधिकार केंद्राकडे आहे, मुलांच्या सुरक्षेचा नाही. कोर्टाला ते पटलं नाही.

म्हणजे वॉशिंग्टनकडे खऱ्या अर्थाने दोनच हत्यारं उरतात. एक, आडवाटेने आलेले फेडरल कायदे आणि त्यांच्या जबर शिक्षा. दुसरं, पैसा.

जॉन्सनचं युद्ध

पैशाचा नळ सुरू केला तो लिंडन जॉन्सन यांनी. साठच्या दशकात गुन्हे खरोखरच वाढत होते. १९६० मध्ये देशात सुमारे ९ हजार खून झाले होते, १९७० मध्ये सुमारे १६ हजार. गरिबीविरुद्ध युद्ध पुकारणाऱ्या जॉन्सन यांनी मार्च १९६५ मध्ये गुन्हेगारीविरुद्धही युद्ध पुकारलं. ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात दंगल उसळली, ३४ माणसं मेली. १९६७ च्या जुलैमध्ये डेट्रॉइटला ४३. तिथं जॉन्सन यांना सैन्याच्या हवाई तुकड्या उतरवाव्या लागल्या.

या काळात दोन आयोगांचे अहवाल आले. दोन्ही वाचण्यासारखे. १९६७ च्या गुन्हेविषयक आयोगाने दोनशेहून जास्त शिफारशी केल्या. पोलिसांना बोलावण्यासाठी देशभर एकच फोन नंबर असावा ही त्यातलीच एक. आज हॉलीवूडच्या सिनेमात दिसणारा ९११ तिथून आला. दुसरा केर्नर आयोग, १९६८ चा. त्याने दंगलींचं मूळ वंशभेदात दाखवलं. काम, घरं, शाळा यांत प्रचंड पैसा घालावा लागेल असं सांगितलं. पोलिसांच्या वागणुकीवरही बोट ठेवलं.

त्याच वर्षी जूनमध्ये जो कायदा झाला, त्याने मात्र पैशाला वेगळी वाट करून दिली. एक नवी संस्था उभी राहिली. तिचं काम राज्यांना पोलीस, कोर्ट आणि तुरुंग यांच्यासाठी अनुदान देणं. १९८२ मध्ये ती बंद होईपर्यंत तिच्यामार्फत काही अब्ज डॉलर वाटले गेले. हेलिकॉप्टर, रेडिओ यंत्रणा, संगणक, दंगल-नियंत्रणाचं सामान. हजारो पोलीस या पैशावर कॉलेज शिकले, हेही खरं. गुन्ह्याची मोजदाद फक्त पोलीस ठाण्यातून न करता घरोघरी विचारून करायची पद्धतही याच काळात सुरू झाली. त्यातून कळलं, की कितीतरी गुन्हे पोलिसांपर्यंत पोचतच नाहीत.

पण खून कमी झाले नाहीत. १९८० मध्ये खुनाचं प्रमाण १९६० च्या दुप्पट होतं.

इथं एक गोष्ट लक्षात येते, आणि ती पुढे वारंवार दिसते. राजधानीतून पाठवता येतात त्या मोजता येणाऱ्या वस्तू. गाड्या मोजता येतात, पोलीस मोजता येतात, तुरुंगातल्या खाटा मोजता येतात. त्यांचं उद्घाटन करता येतं, निवडणुकीत सांगता येतात. पण कोणी कोणाला गोळी घातली हे वस्तीला माहीत असतं आणि वस्ती पोलिसांना सांगत नाही, याच्यावर अनुदानाचा कोणताच फॉर्म भरता येत नाही.

पाच ग्रॅम, पाच वर्षं

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर शहरांत क्रॅक आलं. कोकेनचा स्वस्त, ओढायचा प्रकार. विक्रीच्या कोपऱ्यांसाठी पोरं एकमेकांना मारू लागली. जून १९८६ मध्ये लेन बायस हा तरुण बास्केटबॉलपटू कोकेनने मेला. बोस्टन सेल्टिक्सने त्याला निवडल्याला दोनच दिवस झाले होते. देश हादरला. त्यात निवडणुका तोंडावर. ऑक्टोबरमध्ये कायदा तयार. पाच ग्रॅम क्रॅकला किमान पाच वर्षं कैद. तेवढीच शिक्षा कोकेनच्या भुकटीला हवी असेल तर भुकटी लागायची ५०० ग्रॅम.

क्रॅक विकताना पकडली जाणारी माणसं बहुतेक काळी आणि गरीब. परिणाम उघड होता. हे १०० ला १ चं प्रमाण कमी व्हायला २०१० साल उजाडलं, आणि तेव्हाही ते १८ ला १ झालं, १ ला १ नाही.

पण गोष्ट इतकी सरळही नाही. या कायद्याला पाठिंबा देणाऱ्यांत न्यूयॉर्कच्या हार्लेममधून निवडून येणारे काळे खासदार चार्ल्स रँगल हेही होते. ते मूर्ख नव्हते आणि विकलेही गेले नव्हते. त्यांच्या मतदारांच्या दारात प्रेतं पडत होती. न्यूयॉर्कमध्ये १९९० या एका वर्षात २,२०० हून जास्त खून झाले. राजधानी वॉशिंग्टनमध्ये, सहा लाख वस्तीच्या शहरात, १९९१ मध्ये सुमारे ४८०. अशा वेळी 'पोलीस नकोत' असं म्हणणं लांबच्या माणसाला सोपं असतं. जेम्स फोरमन या कायद्याच्या प्राध्यापकांनी वॉशिंग्टनच्या या काळावर पुस्तक लिहिलं आणि त्याला पुलित्झर मिळालं. त्यांचं एक निरीक्षण मला फार महत्त्वाचं वाटतं. काळ्या वस्त्यांतल्या नेत्यांनी पोलीसही मागितले होते आणि शाळा, नोकऱ्या, व्यसनमुक्तीही. मिळाले फक्त पोलीस.

१९९४

सप्टेंबर १९९४ मध्ये बिल क्लिंटन यांनी सही केली तो कायदा अमेरिकेच्या इतिहासातला सगळ्यात मोठा गुन्हेविषयक कायदा. ३० अब्ज डॉलर. एक लाख नवे पोलीस नेमायला शहरांना पैसे. तुरुंग बांधायला सुमारे ९.७ अब्ज, त्यातल्या काही अनुदानाला अट अशी की हिंसक गुन्हेगाराने शिक्षेचा किमान ८५ टक्के काळ आत काढला पाहिजे. लष्करी थाटाच्या काही बंदुकांवर दहा वर्षं बंदी. स्त्रियांवरच्या हिंसाचाराविरुद्धचा पहिला व्यापक फेडरल कायदाही यातच. कैद्यांना कॉलेज शिकायला मिळणारी सरकारी मदत बंद, तीही यातच. ती पुन्हा सुरू व्हायला २०२३ उजाडलं.

आज या कायद्याला सगळेच शिव्या घालतात, डावे आणि उजवे दोघेही. थोडं थांबून बघायला हवं.

हिंसाचार १९९१ पासूनच उतरायला लागला होता, म्हणजे कायद्याच्या आधीपासून. तो उतरतच गेला. न्यूयॉर्कमध्ये २०१७ साली ३०० हून कमी खून झाले. याचं श्रेय क्लिंटन यांनी घेतलं. पण केंद्राच्याच लेखापरीक्षकांनी २००५ मध्ये हिशोब मांडला. १९९३ ते २००० मध्ये हिंसक गुन्ह्यांचं प्रमाण ३२ टक्क्यांनी घटलं, त्यात या पोलीस-अनुदानाचा वाटा निघाला १९९३ च्या पातळीच्या सुमारे अडीच टक्के. शून्य नाही, पण फारही नाही.

दोष देतानाही हाच हिशोब लावला पाहिजे. राज्यांच्या आणि केंद्राच्या तुरुंगांत सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सुमारे २ लाख कैदी होते, २००९ मध्ये १६ लाख. ही चढण १९९४ च्या वीस वर्षं आधी सुरू झाली होती, आणि बहुतेक कैदी राज्यांच्या तुरुंगांत होते, राज्यांच्या कायद्यांखाली. वॉशिंग्टनने हा डोंगर एकट्याने उभा केला नाही. पण राज्य चुकत असताना केंद्राने त्याचा हात धरला नाही, उलट पाठीवर थाप मारून वर पैसे दिले.

आणि याच कायद्यात एक कलम होतं, ज्याच्याकडे तेव्हा फारसं कोणी पाहिलं नाही. एखादं शहर पोलीस खातं सातत्याने नागरिकांचे हक्क तुडवत असेल, तर केंद्राचं न्याय खातं त्याच्यावर खटला भरू शकेल. पिट्सबर्ग, लॉस एंजेलिस, पुढे बाल्टिमोर अशा शहरांच्या पोलिसांना या कलमामुळे कोर्टाच्या देखरेखीखाली सुधारणा कराव्या लागल्या. १८७६ मध्ये जो दरवाजा बंद झाला होता, तो १२० वर्षांनी किलकिला झाला.

बोस्टनमधलं एक काडतूस

मग काय करायला हवं होतं? याचं एक अर्धवट पण खरं उत्तर बोस्टनमध्ये सापडतं.

१९९० मध्ये बोस्टनला १५२ खून झाले. केंद्राच्या न्याय-संशोधन संस्थेने हार्वर्डच्या काही अभ्यासकांना थोडे पैसे दिले. ते पोलिसांबरोबर, प्रोबेशन अधिकाऱ्यांबरोबर, रस्त्यावर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांबरोबर बसले आणि नकाशे काढले. निघालं असं, की सुमारे ६० टोळ्यांमधली जेमतेम १,३०० पोरं, म्हणजे शहरातल्या त्या वयाच्या मुलांपैकी एक टक्काही नाही, पण तरुणांच्या निदान ६० टक्के खुनांशी त्यांचा संबंध. केंद्राच्या बंदूक-तपास खात्याने पकडलेल्या बंदुकांचा माग काढला. सगळ्यांना वाटत होतं, बंदुका दक्षिणेकडून येतात. एक तृतीयांश तर मॅसॅच्युसेट्समध्येच विकलेल्या निघाल्या.

१९९६ मध्ये टोळ्यांच्या पोरांना बैठकीला बोलावलं. एका बाजूला शहर पोलीस आणि फेडरल वकील, दुसऱ्या बाजूला वस्तीतले काळे पाद्री आणि कार्यकर्ते. सांगितलं गेलं ते थोडक्यात असं. तुम्ही जगावं असं आम्हाला वाटतं. काम हवंय, शाळा हवीय, तर हे लोक मदत करतील. पण तुमच्या टोळीतल्या एकाने जरी खून केला, तर सगळ्या टोळीमागे सगळ्या यंत्रणा लागतील. याला वजन यावं म्हणून एक पत्रक वाटलं गेलं. गुन्ह्यांची मोठी यादी असलेल्या एका टोळीवाल्याकडे फक्त एक काडतूस सापडलं होतं. फेडरल कोर्टात त्याला जवळपास २० वर्षांची शिक्षा झाली. काडतूस राज्याची सीमा ओलांडून आलं की त्यात आंतरराज्य व्यापार येतो, आणि व्यापार आला की केंद्र येतं!

त्या शिक्षेबद्दल वाचताना अस्वस्थ वाटतं, वाटायलाच हवं. पण तरुणांचे खून ६३ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये सगळ्या शहरात मिळून ३१ खून झाले. यातलं किती या प्रयोगामुळे, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. २००० च्या सुमारास माणसं बदलली, प्रयोग विस्कटला, आणि पुढच्या काही वर्षांत खून पुन्हा वाढले.

बोस्टनमध्ये केंद्राने काय दिलं? थोडा संशोधनाचा पैसा, बंदुकांचा माग, आणि क्वचित वापरायची एक मोठी धमकी. पोरांना नावाने ओळखणं, त्यांच्या आयांशी बोलणं, रात्री दोन वाजता कोपऱ्यावर जाऊन उभं राहणं, हे त्याने केलं नाही. त्याला करताही आलं नसतं. ते ज्यांना येत होतं, त्यांच्या मागे ते उभं राहिलं.

अनुदानाची पत्रं आणि रस्त्यावरचे सैनिक

२०२० मध्ये महामारी आली, जॉर्ज फ्लॉइड यांच्या हत्येनंतर देश पेटला, आणि एका वर्षात खून जवळपास ३० टक्क्यांनी वाढले. नोंद ठेवायला लागल्यापासूनची ही सगळ्यात मोठी उडी. त्या जुलैमध्ये ट्रम्प सरकारने 'ऑपरेशन लेजेंड' सुरू केलं. कॅन्सस सिटीत झोपेत गोळी लागून मेलेल्या चार वर्षांच्या मुलाचं ते नाव. फेडरल एजंट नऊ शहरांत गेले. २०२२ मध्ये बायडन सरकारच्या काळात दोन्ही पक्षांनी मिळून एक बंदूक-कायदा केला. त्यात वस्तीतल्या हिंसा-प्रतिबंधक कामासाठी पहिल्यांदाच वेगळे २५ कोटी डॉलर ठेवले गेले. बोस्टनमध्ये कोपऱ्यावर उभ्या राहणाऱ्यांसारख्या माणसांसाठी. पुढे खून झपाट्याने घटले. २०२४ मध्ये तर एका वर्षात सुमारे १५ टक्क्यांनी. पुन्हा तेच, श्रेय कोणाचं हे नक्की सांगता येत नाही.

एप्रिल २०२५ मध्ये न्याय खात्याने अशा कामांची शेकडो अनुदानं मध्येच रद्द केली. ऑगस्टमध्ये ट्रम्प यांनी राजधानीत गुन्हेगारीची आणीबाणी जाहीर केली, शहराचे पोलीस ३० दिवसांसाठी आपल्या ताब्यात घेतले आणि नॅशनल गार्डचे सैनिक रस्त्यावर आणले. वॉशिंग्टन हे राज्य नाही, केंद्राचा प्रदेश आहे, म्हणून १९७३ च्या कायद्यात याला जागा होती. गुन्हे घटले, असं सरकार म्हणालं. ते आधीपासूनच घटत होते, २०२४ चा आकडा तीस वर्षांतला नीचांक होता, असं टीकाकार म्हणाले. काही रहिवाशांना सैनिक दिसल्यावर बरं वाटलं, काहींना आपलंच शहर परकं वाटलं. काही सैनिकांना बागेतला कचरा उचलायच्या कामाला लावलं गेलं.

शिकागोच्या वेळी मात्र जुनी भिंत आडवी आली. भाषणांत विषय होता शहरातले खून. कोर्टात मात्र सरकारला सांगावं लागलं, की सैनिक हवेत ते फेडरल कर्मचारी आणि मालमत्ता यांच्या रक्षणासाठी. कपोनला करात पकडण्यासारखंच हे. जे करायचंय त्याचा अधिकार नाही, म्हणून ज्याचा अधिकार आहे त्याचं नाव घ्यायचं.

दीडशे वर्षांचा हा हिशोब मांडताना मला 'केंद्राने शहरांत यावं' आणि 'येऊ नये' या दोन्ही घोषणा अपुऱ्या वाटतात. दक्षिण कॅरोलिनात १८७१ मध्ये केंद्र आलं म्हणून माणसं वाचली. कोलफॅक्सनंतर ते मागे हटलं म्हणून मेली. १९८६ मध्ये ते घाईने आलं आणि एका पिढीला तुरुंगात घालून गेलं. मेलेल्यांच्या वस्तीतली माणसं दर वेळी बरंच काही मागत होती. त्यातलं राजधानीला जे द्यायला सोपं होतं, तेवढंच त्यांना मिळालं. बाकीची यादी अजून तशीच आहे. पोरगा गेल्यावर पोलीस दारात येऊन विचारतात, कोणी काही पाहिलं का? पाहिलेलं असतं. सांगितलं तर उद्या आपल्याला कोण वाचवणार, हे शेजारच्या बाईला ठाऊक नसतं, म्हणून ती दार लावून घेते.